नोंदणी विवाहाची सरकारी सेवा: धर्म न विचारणाऱ्या खिडकीचे परीक्षण

धर्म आणि राजकारण यांची फारकत असावी की नसावी, या वादात आपल्याकडे दोन्ही बाजूंनी इतके बोलून झाले आहे की त्यात भर घालण्याचे धाडस मी करणार नाही. माझी सूचना एवढीच आहे की हा वाद व्यासपीठावर मिटत नसेल तर तो एखाद्या सरकारी खिडकीपाशी नेऊन पाहावा. नागरिकाचा धर्म न विचारता त्याच्या आयुष्यातले एखादे मोठे काम राज्यसंस्था करून देते, अशा जागा मोजक्याच आहेत, आणि त्यांपैकी मला सर्वांत बोलकी वाटणारी जागा म्हणजे विशेष विवाह अधिनियम, १९५४ नुसार लग्न लावून देणारे विवाह अधिकाऱ्याचे कार्यालय. या सेवेचा अनुभव मी दोनदा घेतला: १९८८ साली वधू म्हणून आणि गेल्या हिवाळ्यात भाचीच्या लग्नाची साक्षीदार म्हणून. मधल्या काळात टेबलावरचे टंकलेखन यंत्र जाऊन संगणक आला आणि भिंतींचा रंग बदलला, पण सेवेचा गाभा आणि तिच्यातला मुख्य दोष हे दोन्ही जसेच्या तसे राहिले. कार्यालयाचे नाव आणि गाव मी मुद्दाम देत नाही, कारण मला जे खटकले त्यातले बहुतेक त्या चार भिंतींच्या बाहेर, दिल्लीत आणि मुंबईत ठरलेले आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. "रजिस्टर लग्न" या एकाच नावाने आपल्याकडे दोन निराळ्या गोष्टी ओळखल्या जातात. मांडवात, चर्चमध्ये किंवा निकाहाच्या बैठकीत लागलेल्या लग्नाची पुढे महापालिकेत वा ग्रामपंचायतीत नोंद करून घेणे ही पहिली गोष्ट. ती महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली होते, तिच्या अर्जात वधूवरांचा धर्म लिहावा लागतो आणि विधी लावणाऱ्या पुरोहिताची किंवा काझीची सहीही लागते. तेथे लग्न धर्माने लावलेले असते आणि सरकार फक्त दप्तरी नोंद घेते. दुसऱ्या प्रकारात लग्न विवाह अधिकाऱ्यासमोरच लागते आणि तोपर्यंत ते लागलेले नसते. हे परीक्षण या दुसऱ्या सेवेचे आहे. पहिलीसाठी गेलेली जोडपी चुकून या रांगेत उभी राहतात आणि तासाभराने परत पाठवली जातात, हे मी त्या महिन्याभरात दोनदा पाहिले.

माझी भाची हिंदू घरातली आणि तिचा नवरा वसईकडचा कॅथॉलिक. दोघांनाही आपला धर्म सोडायचा नव्हता आणि दुसऱ्याचा स्वीकारायचा नव्हता. ही मागणी आज साधी वाटत असली तरी तिच्यामागे मोठा इतिहास आहे. १८७२ च्या कायद्याने या देशात धर्मविधीविना लग्न करण्याची सोय प्रथम झाली, पण त्यासाठी आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, ज्यू, बौद्ध, शीख किंवा जैन यांपैकी कोणीही नाही, असे वधूवरांना लिहून द्यावे लागे. धर्मापासून स्वतंत्र लग्न हवे असेल तर आधी धर्मच सोडा, असा तो सौदा होता. कायदेपंडित हरिसिंग गौर यांच्या खटपटीने १९२३ साली हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपापसांत लग्न करण्यापुरती त्यातून सुटका मिळाली, आणि १ जानेवारी १९५५ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने ती अटच काढून टाकली. तुमचा धर्म तुमच्याजवळ राहू द्या, आम्हांला त्याची गरज नाही, असे हा कायदा म्हणतो. राज्य आणि धर्म यांच्यातल्या अंतराची याहून सभ्य व्याख्या माझ्या वाचनात आलेली नाही.

या सभ्यतेचा पुरावा पहिल्याच कागदावर मिळतो. नोटिशीचा नमुना कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत दिलेला आहे, आणि त्यात नाव, अविवाहित की विधुर वा घटस्फोटित, व्यवसाय, वय, राहण्याचे ठिकाण आणि तेथील वास्तव्याचा काळ एवढेच रकाने आहेत. धर्माचा रकाना नाही, जातीचाही नाही. आता हा अर्ज घरबसल्या नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर भरता येतो, ही १९८८ च्या तुलनेत मोठीच सुधारणा म्हटली पाहिजे, कारण तेव्हा केवळ कोरा नमुना मिळवण्यासाठी मी बँकेतून दोन अर्ध्या रजा टाकल्या होत्या. मात्र पुढे गंमत आहे. वयाचा पुरावा म्हणून भाचीने शाळा सोडल्याचा दाखला जोडला आणि त्यावर, महाराष्ट्रातल्या कोणत्याही दाखल्यावर असते तशी, धर्म आणि जात ठसठशीत लिहिलेली होती. म्हणजे खिडकीने जे विचारले नाही ते आम्हीच पाकिटात घालून आत दिले. कारकून बाईंनी त्या ओळीकडे पाहिलेही नाही, जन्मतारखेवर बोट ठेवले आणि शिक्का मारला. ज्यांच्याकडे जन्माचा दाखला आहे त्यांनी तोच जोडावा, एवढे मी यावरून सांगेन.

शुल्क इतके किरकोळ आहे की लग्नपत्रिकांच्या पाकिटांनाही त्याहून जास्त पैसे पडले. कार्यालयाबाहेर उभ्या असलेल्या एजंटांपासून मात्र सावध राहावे. "पंधरा दिवसांत लावून देतो, ताई" असे आम्हांलाही सांगण्यात आले. ते कोणालाच शक्य नाही, कारण नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवस जावे लागतात आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न लागले नाही तर सगळे पहिल्यापासून करावे लागते. त्याशिवाय, नोटीस देण्यापूर्वी दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस वास्तव्य झालेले असावे लागते. या तारखांचे गणित आधी मांडा आणि मगच सभागृह ठरवा.

आता त्या तीस दिवसांबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण या सेवेचे गुण आणि अवगुण तेथेच एकमेकांना छेद देतात. नोटीस कार्यालयाच्या दर्शनी भागी लावली जाते. ती ज्या वहीत चिकटवतात ती वही कोणालाही, कामाच्या वेळेत, फी न देता पाहता येते. वर किंवा वधू दुसऱ्या जिल्ह्यातली असेल तर एक प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तेथील फळ्यावरही लागते, आणि आमच्या बाबतीत तसेच झाले. आक्षेप कोणीही घेऊ शकतो. आक्षेपाची कारणे मात्र ठरलेली आहेत: आधीचा जोडीदार हयात असणे, संमती देण्याची मानसिक क्षमता नसणे, मुलाला २१ किंवा मुलीला १८ वर्षे पूर्ण नसणे आणि निषिद्ध नाते. धर्म वेगळा आहे, घरच्यांना पसंत नाही किंवा समाजाला मान्य नाही, ही कारणे कायद्याच्या यादीत बसतच नाहीत, आणि निराधार आक्षेप घेणाऱ्याला हजार रुपयांपर्यंत खर्चाचा भुर्दंड बसवण्याची तरतूदही आहे. कागदावर हे सगळे नीटनेटके आहे. कायद्याने आक्षेपाची कारणे मोजून दिली, पण वाचणाऱ्यांचे हेतू मोजायची सोय त्याच्याकडे नाही, आणि फळ्यावर धर्माचा रकाना नसला तरी आडनावांचा आहे.

नोटीस लागल्यावर बाराव्या दिवशी माझ्या थोरल्या बहिणीच्या दारात दोन तरुण येऊन उभे राहिले. त्यांचे बोलणे अदबीचे होते. "काका, तुमच्या मुलीचं काय चाललंय, तुम्हांला कल्पना आहे का?" असे त्यांनी भावोजींना विचारले. भावोजी निवृत्त शिक्षक, त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आहे तर. पत्रिका मीच छापायला टाकल्यात. तुम्ही येणार असाल तर दोन पानं जास्त सांगतो." चहा न घेताच ते दोघे निघून गेले. हा प्रसंग आता घरात हसत हसत सांगितला जातो, पण त्या रात्री बहिणीला झोप लागली नाही, आणि भावोजींसारखा बाप नसलेल्या घरी तेच दोन तरुण गेले असते तर काय झाले असते, याचा विचार अजून माझ्या मनातून जात नाही. त्यांना पत्ता फळ्यावरूनच मिळाला की आणखी कोठून, हे सिद्ध करण्याचे साधन आमच्याकडे नव्हते. आम्ही तक्रारही केली नाही.

या नोटिशीचे मूळ शोधायला गेले तर ते इंग्लंडच्या चर्चमध्ये सापडते. तेथे लग्नाआधी लागोपाठ तीन रविवारी भर प्रार्थनासभेत वधूवरांची नावे पुकारली जात, म्हणजे कोणाला काही हरकत असेल तर त्याने पुढे यावे. मुलकी विवाहाचा कायदा करताना इंग्रजांनी चर्चचा घंटानाद वगळला आणि पुकारा मात्र फळ्यावर उतरवला, आणि तोच पुढे आपल्याकडे आला. मुलाच्या आईला मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आमच्याकडे मिस्सेनंतर सांगतात तेच की हे!" तेच आहे, फरक इतकाच की मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जमलेली माणसे वधूवरांच्या ओळखीची असतात. धर्माला बगल देण्यासाठी बांधलेल्या दारात धर्मसंस्थेचाच एक जुना उंबरठा राहून गेला आहे आणि अडखळायला होते ते नेमके तेथेच.

न्यायालयांना हे दिसलेले आहे. अशा नोटिसा वधूवरांच्या घरी पाठवण्याच्या प्रथेला दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली मनाई केली. नोटिसा संकेतस्थळावरून उचलून समाजमाध्यमांवर फिरवल्या जाऊ लागल्या तेव्हा केरळ सरकारने २०२० मध्ये त्या तेथे टाकणे थांबवले. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तर नोटीस प्रसिद्ध करायची की नाही हे जोडप्याच्या मर्जीवर सोडले. कायद्याचा मजकूर मात्र बदललेला नाही, आणि आमच्या कार्यालयात त्या मजकुराप्रमाणेच काम चालले. त्याबद्दल तेथील अधिकाऱ्यांना दोष देणे अन्यायाचे होईल.

दोष द्यायचा तो राजकारणाला, आणि तो थोडा स्पष्टपणे दिला पाहिजे. लग्नासाठी होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध गेल्या काही वर्षांत अनेक राज्यांनी कायदे केले. महाराष्ट्रातही डिसेंबर २०२२ मध्ये आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांसाठी मंत्री मंगलप्रभात लोढा यांच्या अध्यक्षतेखाली "परिवार समन्वय समिती" नेमण्यात आली, टीका होताच काही दिवसांत तिच्या नावातून "आंतरजातीय" हा शब्द गळाला आणि आंतरधर्मीय तेवढा उरला. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती सक्तीचे धर्मांतर आणि तथाकथित लव्ह जिहाद यांविरुद्धच्या कायद्याचा अभ्यास करण्यासाठी बसली. यामागची चिंता खरी आहे असे क्षणभर धरून चालू. लग्नासाठी कोणाला धर्म बदलावा लागू नये, ही इच्छा माझीही आहे. पण मग धर्म न बदलता लग्न लावून देणारी जी एकमेव सरकारी खिडकी आहे ती राज्यातली सर्वांत सोपी, सर्वांत जलद आणि सर्वांत सुरक्षित सेवा असायला हवी होती. प्रत्यक्षात काय आहे ते पाहा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे रूढीनुसार विधी केला की लग्न लागले, आधी नोटीस नाही आणि महिन्याची वाटही नाही. निकाहाला प्रस्ताव, स्वीकार आणि साक्षीदार पुरतात. वधूवरांपैकी एकाने दुसऱ्याचा धर्म स्वीकारला तर हे दोन्ही मार्ग त्यांना एका दिवसात मोकळे होतात. धर्म न बदलणाऱ्यांनी मात्र महिनाभर फळ्यावर टांगून राहायचे. घाबरलेले जोडपे यातले कोणते दार निवडेल, हे समजायला समिती लागत नाही. धर्मांतराला विरोध करणारे राजकारण धर्मांतराची गरज उरू न देणारा कायदा सुधारत नाही, तेव्हा त्याचा आक्षेप धर्मांतराला आहे की लग्नाला, अशी शंका येते.

आणखी एक विसंगती येथेच नोंदवते. याच राज्यात आंतरजातीय विवाहाला प्रोत्साहन म्हणून पात्र जोडप्याला ५०,००० रुपये दिले जातात. एका खात्याच्या टेबलावर मोठ्या मनाने पाठ थोपटायची आणि दुसऱ्या खात्याच्या टेबलावर संशयाने चौकशी करायची, यातून राज्यसंस्थेचे नेमके धोरण काय आहे हे मला तरी उमगत नाही.

वाचकांना माहीत नसण्याची शक्यता असलेला एक मुद्दा कलम १९ चा आहे. एकत्र कुटुंबातली हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन व्यक्ती या कायद्याखाली लग्न करते तेव्हा ती त्या कुटुंबापासून विभक्त झाली असे कायदा मानतो. तिचा वाटा बुडत नाही, पण त्या क्षणी ती एकत्र कुटुंबाची सदस्य राहत नाही, आणि तिच्या मालमत्तेचा पुढचा वारसाहक्क १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ठरतो. वधूवर दोघेही या चार धर्मांतले असतील तर १९७६ च्या दुरुस्तीने हे परिणाम त्यांना लागू होत नाहीत. माझे लग्न आंतरजातीय असूनही मला याची झळ लागली नाही ती त्यामुळेच. भाचीला मात्र ती लागली, आणि आमच्या ओळखीच्या वकीलबाईंनी सांगेपर्यंत कोणालाच कल्पना नव्हती. कार्यालयात याची माहिती देणारा साधा कागदही लावलेला नव्हता. धर्म विचारणार नाही म्हणणारा कायदा येथे हळूच धर्म विचारतो आणि उत्तरावरून वेगळी वागणूक देतो, म्हणून या तरतुदीला मी नोटिशीइतकेच कमी गुण देते.

प्रत्यक्ष लग्नाचा दिवस मात्र फार चांगला गेला. वेळ साडेअकराची होती आणि बारा वाजून दहा मिनिटांनी आम्हांला आत बोलावले, सरकारी घड्याळाच्या मानाने हे वक्तशीरच म्हणायला हवे. खोली लहान, खुर्च्या दहा, वऱ्हाडी बावीस. तीन साक्षीदारांची ओळखपत्रे तपासली गेली. तिघांपैकी एकाचे ओळखपत्र घरी राहिले तर लग्न अडते, म्हणून चौथा साक्षीदार कागदपत्रांसह सोबत न्यावा, आणि आम्ही नेला होता म्हणूनच आमचे निभावले. कायद्याला कोणताही ठरावीक विधी नको आहे. अधिकाऱ्यासमोर आणि साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना कायदेशीर पती आणि पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचे, दोघांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत, म्हणायचे असते. नवऱ्या मुलाची बोली सामवेदी, वसईकडची. त्याने विचारले, "सर, सामवेदीत म्हटलं तर चालेल का?" अधिकारी हसून म्हणाले, "चालेल की, पण वधूला कळलं पाहिजे." भाची म्हणाली, "नाही कळणार, अजून शिकतेय." मग त्याने ते वाक्य सावकाश मराठीत म्हटले, आणि तेवढ्या साध्या वाक्याने त्या कोंदट खोलीत जी शांतता झाली तशी मी फार थोड्या मांडवांत अनुभवली आहे. आपण काय बोलतो आहोत हे वधूवरांना कळावे, हा आग्रह आपल्याकडे नवा नाही. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात भटजीविना पहिले सत्यशोधक लग्न लागले, आणि जोतीराव फुले यांनी मंगलाष्टके मराठीत रचली तीही वधूवरांनी एकमेकांना दिलेल्या वचनांच्या रूपात. त्या लग्नांना तेव्हा सरकारदरबारचा आधार नव्हता. आजच्या जोडप्याला तो आहे, निदान महिनाभराच्या अंतरावर.

अधिकाऱ्यांच्या खुर्चीमागे, राष्ट्रपुरुषांच्या तसबिरींच्या शेजारी, ताजा हार घातलेला गणपती होता. मुलाच्या आईने मला हळूच विचारले, "हे सरकारचंच ऑफिस ना?" मी होय म्हणाले आणि कर्मचाऱ्यांची श्रद्धा असते, असेही काहीतरी पुटपुटले. त्यांना वाईट वाटले नव्हते, नुसते कुतूहल होते, पण माझेच उत्तर मला अपुरे वाटले. मलाही गणपती प्रिय आहे. तरीही राज्याचे कामकाज धर्मापासून वेगळे राहिले पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या बोम्मई खटल्यात सांगितले, आणि ते तत्त्व मोठमोठ्या सरकारांइतकेच या दहा बाय बाराच्या खोलीलाही लागू पडते, असे मला वाटते. संविधानाच्या हिंदी उद्देशिकेत "पंथनिरपेक्ष" असा शब्द आहे आणि मराठीत "धर्मनिरपेक्ष". आपल्या भाषेने अधिक रुंद शब्द निवडला असेल तर आपल्या भिंतींनीही थोडे मनावर घ्यायला हरकत नसावी.

तुलनेसाठी शेजारच्या गोव्याकडे पाहावे. पोर्तुगालमध्ये १९१० साली राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला मुलकी विवाहाचा कायदा झाला, पुण्यातल्या त्या पहिल्या सत्यशोधक लग्नाशी झालेली ही तारखेची जुळवाजुळव मला गंमतीची वाटते. त्याचे फळ गोव्यात आजही दिसते. हिंदू असो, मुसलमान असो की ख्रिस्ती, लग्नाची वाट मुलकी निबंधकाच्या कार्यालयावरून जाते. आधी इरादा नोंदवून सही करायची, मध्ये हरकतींसाठी मुदत, आणि मग दुसरी सही. कॅथॉलिकांच्या चर्चमधील विधीला १९४६ च्या हुकमाने मुलकी मान्यता मिळते, पण त्याआधी निबंधकाचा दाखला घ्यावाच लागतो. मालमत्ता कशी ठेवायची हे लग्नाआधी करारनाम्याने ठरवता येते, आणि ठरवले नाही तर ती दोघांची समाईक होते. गोव्याची व्यवस्था निर्दोष आहे असा माझा दावा नाही, कारण तेथे हिंदूंच्या रूढींसाठी १८८० साली केलेली वेगळी संहिता आहे आणि तिच्यातली काही कलमे आज वाचवत नाहीत. पण एक फरक मूलभूत आहे. हरकतीची मुदत तेथेही आहे आणि नावे तेथेही जाहीर होतात, मात्र सगळ्यांचीच होतात, त्यामुळे फळ्यावर नाव असणे हा कोणाबद्दलचा संशय ठरत नाही. आपल्याकडे फळ्यावर बहुधा तीच नावे असतात ज्यांनी धर्माचे दार टाळले आहे, म्हणजे यादी आपोआप गाळून, निवडून समोर ठेवलेली असते.

तारे द्यायचेच झाले तर लग्नाच्या दिवसाच्या सेवेला मी पाचपैकी चार देईन, ऑनलाइन अर्जाला साडेतीन आणि नोटिशीच्या महिन्याला एक, तोही कार्यालयातल्या माणसांच्या सौजन्यासाठी. ज्यांच्या घरात विरोध आहे त्यांनी नोटीस देण्याआधीच वकिलाचा सल्ला घ्यावा आणि राहण्याची सोय आधी पाहावी. अशा जोडप्यांना संरक्षण देण्याचे आणि गरज पडल्यास सुरक्षित निवाऱ्याचा विचार करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात दिलेले आहेत, त्यामुळे पोलिसांकडे जाण्यात संकोच करण्याचे कारण नाही. प्रमाणपत्र हातात पडताच नावांची अक्षरे तेथेच तपासावीत. भाचीच्या आडनावातली एक वेलांटी चुकली होती, ती कारकून बाईंनी उभ्या उभ्या दुरुस्त करून नवी प्रत काढून दिली आणि वर पेढाही घेतला.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा व्हरांड्यातल्या फळ्यासमोर एक वयस्कर गृहस्थ उभे होते. त्यांच्या हातात शाळकरी वही होती आणि ते पेन्सिलीने एकेक नोटीस उतरवून घेत होते, नाव, वय, व्यवसाय, पत्ता. घाई अजिबात नव्हती. ते वधूवर सूचक मंडळाचे होते, एखाद्या मुलीचे वडील होते की आणखी कोणी, हे मी विचारले नाही, आणि विचारण्याचा मला अधिकारही नव्हता, कारण कायद्याने त्यांना तेथे उभे राहण्याची मुभा दिलेली आहे. त्यांचे गुडघे दुखत असावेत. शिपायाने आतून एक खुर्ची आणून त्यांना दिली.